फौजीच्या पिशवीतला हिशेब

 

आज आम्ही एका दुकानाचा इतिहास सांगणार आहोत. या दुकानात कुणालाही जाता येत नाही. ज्यांच्या घरातलं माणूस फौजेत आहे किंवा होतं, त्यांनाच तिथं माल मिळतो. आपण त्याला मिल्ट्री कॅन्टीन म्हणतो. फौजी सुट्टीवर आला की त्याच्या घरी पिशव्या उतरतात. साबण, चहा, तेल, टूथपेस्ट, कधी कुकर, कधी मिक्सर. शेजारीण हळूच भाव विचारते. मग गटाच्या बैठकीत प्रश्न येतोच, "त्यांना एवढं स्वस्त कसं मिळतं? आणि आपल्याला का नाही?"

"सरकार देतं" असं उत्तर आपण पटकन देऊन टाकतो. ते उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागेल. आणि मागं जायचं म्हटलं की आपल्याला लांब जायची गरज नाही, शिवनेरी समोरच आहे.

शिवनेरीवर गेलात तर अंबरखाना बघा. अंबरखाना म्हणजे धान्याचं कोठार. गड नुसत्या तटबंदीवर टिकत नाही. आत दाणा आणि पाणी असेल तरच तो लढतो, म्हणून जुन्या लोकांनी कोठारं आणि पाण्याची टाकी आधी बांधली. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र आपल्यापैकी बऱ्याच जणींनी शाळेत ऐकलं असेल. त्यात महाराज बजावतात, की पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आताच उधळू नका, जे लागेल ते पैसे देऊन बाजारातून घ्या, रयतेच्या घरातून काही उचलू नका. एवढ्या जुन्या काळातही हा प्रश्न होताच. फौजेला खायला घालायचं ते कुणाच्या पैशानं? फौजेनं दाम मोजले नाहीत, तर त्याचा भार शेतकऱ्याच्या चुलीवर येतो.

फौज लांब चालली की तिच्यामागं अख्खा बाजार चालायचा. वाणी, तेली, सराफ, लोहार, शिवाय बायकामुलं. आपल्या भाषेत आजही "बाजारबुणगे" हा शब्द राहिला आहे, आणि तो आपण हिणवायला वापरतो. पण त्या बाजाराशिवाय शिपायाच्या पोटात घास जात नव्हता. धान्य वाहून आणायचे वंजारी आणि लमाण. हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून त्यांचे तांडे निघायचे. मोगल, मराठे आणि पुढं इंग्रज, सगळ्यांच्या फौजा त्यांच्याच धान्यावर चालल्या.

१८१७ साली खडकीची लढाई झाली, पेशवाई संपत आली आणि पुण्यात इंग्रजांच्या छावण्या पडल्या. पुणे कॅम्प आणि खडकी या छावण्या तेव्हापासूनच्या. छावणीला लागून सदर बाजार वसला. पण देशी शिपायाची गंमत बघा. आज जवानाला लष्कराकडून जेवण मिळतं. तेव्हा बराच काळ तसं नव्हतं. शिपायाला पगार मिळायचा आणि त्यातून त्यानं आपलं पीठ, डाळ, तूप, मीठ स्वतः विकत घ्यायचं. हा माल देणारा पलटणीचा ठरलेला बनिया असायचा. माल उधारीवर मिळायचा आणि पगाराच्या दिवशी हिशेब व्हायचा. शिपायाला शिधा फुकट मिळू लागला तो पहिल्या महायुद्धाच्या काळात.

आता विचार करा. दुकान एकच, उधारीही तिथंच आणि वहीही त्याच्याच हातात. मग भाव कोण ठरवणार? या गोष्टीची झळ छावणीत राहत नसलेल्या बाईलाही बसायची. शिपायाच्या पगारातून वाण्याचा हिशेब फिटला, की जे उरेल ते गावी येणार. पैसे कमी आले तर बाईला घरच्या वाण्याकडे उधारी करावी लागणार. म्हणजे एकाच घरावर दोन वह्या, एक छावणीत आणि एक गावात.

गावातली वही किती जाचक होती, हे आपल्या पुणे जिल्ह्यानं साऱ्या देशाला दाखवून दिलं. १२ मे १८७५ रोजी सुपे गावच्या बाजारात आसपासचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जाचे कागद मागितले. ते जाळून टाकले. पुढं हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासात त्याला दख्खनचा उठाव म्हणतात. सुप्यात दुकानदार आणि सावकार बऱ्याचदा एकच माणूस होता. म्हणून लोकांचा राग मालावर कमी आणि वहीवर जास्त होता. ज्याच्या हाती वही, त्याच्या हाती घर, हे त्यांना कळलं होतं.

हीच गोष्ट जगात दुसरीकडे लोकांनी वेगळ्या तऱ्हेनं सोडवली. इंग्लंडात रॉचडेल नावाच्या गावात १८४४ साली २८ जणांनी थोडे थोडे पैसे जमवून स्वतःचं दुकान काढलं. त्यांत बरेच विणकर होते. सुरुवातीला माल किती? पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. पण नियम पक्का होता. भेसळ नाही, माप चोख, आणि नफा ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत. सहकारी दुकानांचा पाया या दुकानानं घातला.

फौजेच्या दुकानाची कहाणीही हळूहळू त्याच दिशेनं गेली. पहिल्या महायुद्धात ठेकेदारांनी सैनिकांकडून फार नफा उकळला, अशा तक्रारी सगळीकडे झाल्या. इंग्लंडनं १९२१ साली आपल्या सैनिकांसाठी एक संस्था काढली, जिचा नफा सैनिकांच्याच सोयींसाठी वापरायचा. तिच्या धर्तीवर हिंदुस्थानातही आर्मी कॅन्टीन बोर्ड निघालं, पण ते फार टिकलं नाही. दुकानं पुन्हा ठेकेदारांकडे गेली आणि त्यांनी एकत्र येऊन आपली सिंडिकेट केली. दुसरं महायुद्ध पेटलं, फौज कितीतरी पटींनी वाढली, माल अपुरा पडू लागला. तेव्हा १९४२ साली सरकारनं हे काम ठेकेदारांकडून स्वतःच्या हाती घेतलं. स्वातंत्र्यानंतर १ जानेवारी १९४८ पासून आपल्या देशाचं कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट सुरू झालं. त्यालाच सगळे सीएसडी म्हणतात. ते संरक्षण मंत्रालयाच्या हाताखाली चालतं आणि त्याचं मुख्य कार्यालय आपल्या मुंबईत आहे.

आता ते चालतं कसं ते बघू, कारण आपल्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. सीएसडी कंपन्यांशी थेट भाव ठरवतं. देशभर त्याची ३४ आगारं, म्हणजे मोठी गोदामं आहेत. तिथून माल पलटणींच्या कॅन्टीनमध्ये जातो. अशी कॅन्टीन तीन हजारांहून जास्त आहेत आणि ती त्या त्या पलटणी किंवा केंद्रं स्वतः चालवतात. तिथं काम करणाऱ्यांत माजी सैनिक असतात, जवानांच्या घरातल्या बायकाही असतात.

स्वस्ताईची कारणं तीन. पहिलं, लाखो घरांची खरेदी एकत्र होते, म्हणून कंपनीला भाव उतरवावा लागतो. दुसरं, मधले व्यापारी गळतात, आणि दुकानावरचा नफा थोडा ठेवून तोही जवानांच्या कल्याणाकडे वळतो. तिसरं, सरकार करात सूट देतं. जीएसटी आल्यावरही या खरेदीवर भरलेल्या कराचा अर्धा भाग परत मिळतो. या तिन्हींतलं फक्त तिसरं सरकारचं देणं आहे. पहिली दोन कारणं एकत्र येण्याची आहेत, आणि त्यासाठी घरात फौजीच असला पाहिजे असं नाही.

हे बायकांनी करून दाखवलेलं आहे. १९७२ साली मुंबईत महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर त्यांच्या पुढाऱ्यांत होत्या. पक्ष वेगळे होते, पण तेल-रॉकेलाचा प्रश्न सगळ्यांच्या चुलीचा होता. त्यानंतर १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिची पद्धत अगदी आपल्या गटासारखी. काही घरांचा मिळून एक संघ, प्रत्येकीची महिन्याची यादी, सगळ्या याद्या एकत्र करून ठोक खरेदी, आणि माल आला की संघातल्या बायकांनीच मोजून वाटून घ्यायचा. दुकान नाही, काचेचं कपाट नाही. ही पद्धत तिथं अजून चालू आहे.

आता आपल्याकडे वळू. आपण मंचरला बटाटा किंवा नारायणगावला टोमॅटो नेतो तेव्हा भाव व्यापारी ठरवतो. तिथूनच येताना साबण-तेल घेतो तेव्हा भाव कंपनी ठरवते. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा भाव दुसऱ्याचा. पश्चिम पट्ट्यातल्या आपल्या आदिवासी मैत्रिणींचं तर हिरडा विकायचा आणि पावसाळ्याचा दाणा उधारीवर आणायचा, असं कित्येक पिढ्या चाललं. म्हणून पलटणीच्या बनियाची वही आपल्याला परकी वाटत नाही.

एक गोष्ट मात्र सरळ बोलली पाहिजे. गावातल्या किराणा दुकानदाराला एकदम शत्रू ठरवू नका. पाऊस लांबला, कांद्याचे पैसे अडकले, घरात आजारपण आलं, तर रात्री आठ वाजता दार वाजवल्यावर पावशेर तेल उधार देणारा तोच असतो. कॅन्टीनला उधारी नाही. शिवाय जुन्नरहून पुणं नव्वद किलोमीटरच्या पुढं, मंचरहूनही साठेक किलोमीटर. एसटीचं भाडं, दिवसाची मजुरी आणि रांगेतला वेळ धरला तर एकट्या बाईला ती स्वस्ताई पुष्कळदा महाग पडते. म्हणून फौजी घरांतल्या बायकांनीही जायचं तर ठरवून, एकत्र, महिना-दोन महिन्यांची यादी करून जावं.

आणि कॅन्टीनचा माल बाहेर विकायचा नसतो. कार्डावर महिन्याची मर्यादा असते आणि गैरवापर झाला तर कार्ड बंद होऊ शकतं. तेव्हा शेजारणीला "माझ्यासाठी चार डबे आण" असं सांगून अडचणीत टाकू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॅन्टीनचं कार्ड बहुधा घरातल्या पुरुषाच्या नावावर असतं. तो असेपर्यंत पिशवी येते. तो गेला, की कितीतरी घरांत पिशवी बंद होते आणि बाईला वाटतं, हक्कही संपला. तसं नाही. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या जवानाच्या विधवेला स्वतःच्या नावानं कॅन्टीनचं कार्ड काढता येतं. तो तिचा हक्क आहे, त्यासाठी दिराची किंवा मुलाची मेहेरबानी लागत नाही. अडतं ते बऱ्याचदा कागदावर. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत. मग फौजेच्या कागदावर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आणि आधारवर तिसरंच. माणूस हयात असताना हे दुरुस्त करणं सोपं, नंतर फार हेलपाटे पडतात. पुण्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अशाच कामांसाठी आहे.

म्हणून प्रत्येक गटाला आमची दोन कामं. पहिलं, आपल्या गटात फौजी घरातल्या कोण कोण आहेत याची यादी करा. प्रत्येकीचं नाव नवऱ्याच्या डिस्चार्ज बुकात किंवा पेन्शनच्या कागदात कसं लिहिलंय आणि आधारवर कसं आहे, ते शेजारी शेजारी ठेवून वाचा. ज्या विधवा आहेत त्यांच्यासोबत गटातल्या दोघींनी कार्यालयात जा. एकटीला पाठवू नका.

दुसरं काम सगळ्यांसाठी. प्रत्येकीनं महिन्याच्या किराण्याची यादी लिहून आणा. किती किलो साखर, किती डाळ, किती साबण, काय भावानं घेतलं. दहा घरांची बेरीज करा. मग ती बेरीज घेऊन ठोक व्यापाऱ्याकडे भाव विचारा, आणि गावातल्या दुकानदाराकडेही विचारा. दहा घरांचा रोखीचा माल एकदम जाणार म्हटल्यावर तोही भाव उतरवेल, आणि मग पुण्याला जायचंही कारण नाही. सुरुवात दोन-तीन वस्तूंपासून करा. रॉचडेलवाल्यांनी पाचच ठेवल्या होत्या. कराची सूट आपल्याला मिळणार नाही, त्यामुळे कॅन्टीनइतकं स्वस्त पडणार नाही, हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे नंतर कुणी नाराज होणार नाही. माल सगळ्यांसमोर तोला. आणि खरेदीची वही वेगळी ठेवा, ती बचतीच्या वहीत मिसळू नका.

बनियाची वही त्याच्या घरात असायची आणि शिपायाला ती वाचता येत नव्हती. आपली वही गटात आहे, आपल्या अक्षरात आहे. दर बैठकीत ती मोठ्यानं वाचा.