घेरी : पुनर्वसन व्यायाम

स्वतः किंवा भोवतालच्या वस्तू फिरत आहेत अशा भासास घेरी म्हणतात. आयुर्वेदात तिला ‘भ्रम’ अशी संज्ञा असून चरकसंहितेत तिची गणना वातविकारांत केलेली आहे. घेरी आलेल्या वृद्धास पडून राहण्याचा सल्ला देण्याची रूढी जुनी आहे. पुनर्वसन व्यायामांचा इतिहास हा ती रूढी मागे पडण्याचा इतिहास होय.

घेरीचे मूळ पुष्कळदा अंतर्कर्णात असते, हे प्रॉस्पेअर मेन्येअर या फ्रेंच वैद्यांनी १८६१ मध्ये दाखविले. अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियावरील संशोधनाबद्दल रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उपचारांत मात्र विश्रांतीच प्रमुख राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमधील कर्णशल्यविशारद टेरेन्स कॉथॉर्न यांना असे आढळले की, जे रुग्ण लवकर हालचाल करू लागतात ते लवकर सावरतात. त्यांनी व एफ्. एस्. कुक्सी यांनी १९४४–४६ मध्ये क्रमबद्ध व्यायाम प्रसिद्ध केले. प्रथम अंथरुणातच डोळ्यांच्या व मानेच्या हालचाली, नंतर बसून वाकणे, उभे राहून चेंडू झेलणे आणि शेवटी चालणे व जिना चढणे, असा हा क्रम होता. घेरी आणणारी हालचाल टाळण्याऐवजी ती बेताने वारंवार केल्यास मेंदू दृष्टी व स्नायू यांच्याकडून येणाऱ्या संवेदनांच्या साहाय्याने तोलातील उणीव भरून काढतो, हे त्यामागील तत्त्व होय.

उतारवयात अंतर्कर्णातील सूक्ष्म चुनखडी कण सुटून अर्धवर्तुळाकृती नलिकांत शिरतात व कूस बदलताच घेरी येते. या प्रकारासाठी टोमास ब्रांट व रॉबर्ट डॅरॉफ यांनी १९८० मध्ये कुशीवर झोपण्याचे व्यायाम सुचविले. ६७ पैकी ६६ रुग्णांना ३ ते १४ दिवसांत आराम पडला. जॉन एप्ली यांनी १९९२ मध्ये डोके क्रमाने वळवून हे कण मूळ जागी नेण्याची पद्धती प्रसिद्ध केली.

घेरीवरील शामक औषधे दीर्घकाळ घेतल्यास मेंदूचे हे समायोजन लांबते, शिवाय गुंगीमुळे पडण्याचा व खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो. म्हणून वृद्धांच्या बाबतीत व्यायामांना विशेष महत्त्व आहे. भारतात भौतिकी चिकित्सेचे शिक्षण १९५२ मध्ये मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयात सुरू झाले. तथापि हे व्यायाम मोठ्या रुग्णालयापुरते मर्यादित नाहीत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका पाहणीत परिचारिकांनी एकाच बैठकीत शिकविलेले व्यायाम घरी करणाऱ्यांपैकी ६७ टक्के रुग्ण सुधारले. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३८ टक्के होते. बोलणे अडखळणे, एका अंगातील शक्ती जाणे किंवा एकाएकी तीव्र डोकेदुखी ही लक्षणे घेरीसोबत असल्यास मात्र व्यायाम न करता तत्काळ वैद्यकीय उपचार घेणे आवश्यक असते.