अल्पायुषी विनोद

पूर्वीं एखादें नाटक पडलें म्हणजे तें कोणीं पाडलें हें सर्वांस दिसत असे. पडदा वर गेला आणि समोरच्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या, कीं मालकास निकाल कळे आणि नटासही कळे. ज्यानें तिकिटाचे पैसे दिले तोच हसे किंवा तोच उठून जाई. पैसे देणारा, निकाल देणारा आणि हसणारा हे तिघे एकाच खुर्चींत बसलेले असत. दूरचित्रवाणीवरील मालिकेची गोष्ट वेगळी आहे. ती या आठवड्यास असते आणि पुढच्या आठवड्यास नसते. तिच्यावर जीव लावणाऱ्या कुटुंबांना तिचा अपराध काय तो कळत नाहीं. विनोदी मालिकांच्या बाबतींत हा प्रकार इतक्या वेळां घडला आहे, कीं त्याचा थोडा इतिहास पाहणें आम्हांस अवश्य वाटतें. तो पाहतांना आमच्या बीड जिल्ह्यासारख्या मुलखाचाही त्याशीं संबंध पोहोंचतो असें आढळतें. तो संबंध यथास्थळीं सांगूं.

उदाहरणासाठीं आम्ही 'साराभाई व्हर्सेस साराभाई' ही मालिका घेतों. ती हिंदी असली तरी मराठी वाचकांस परकी नाहीं. तिचें घर मुंबईच्या कफ परेडवर होतें, आणि त्या घरांतील थोरल्या मुलाची भूमिका मराठी रंगभूमीस परिचित असलेल्या सुमीत राघवन यांनीं केली होती. स्टार वन ही वाहिनी १ नोव्हेंबर २००४ रोजीं सुरू झाली, आणि तिच्याबरोबरच ही मालिकाही. लेखक आतिश कापडिया, दिग्दर्शक देवेन भोजानी. सासू माया ही रत्ना पाठक शाह, सून मोनिशा ही रूपाली गांगुली, आणि सासरे इंद्रवदन हे सतीश शाह. सासू उच्चभ्रू अभिरुचीची, सून काटकसरीच्या मध्यमवर्गीय घरांतून आलेली, आणि सासरे दोघींच्या भांडणांत तेल ओतून मजा पाहणारे, एवढेंच काय तें कथानक. पण संवाद इतके धारदार आणि पात्रें इतकीं स्वच्छ रेखाटलेलीं, कीं सुशिक्षित कुटुंबांत मालिकेचें नांव लगेच झालें. तरीसुद्धां आठवड्यास एक याप्रमाणें सुमारें सत्तर भाग होऊन २००६ सालीं, दीड वर्षाच्या आंतच, ती थांबली. कारण सांगण्यांत आलें तें हें, कीं प्रेक्षकसंख्येचे आंकडे पुरेसे नाहींत.

त्याच काळीं त्याच समूहाच्या स्टार प्लस या वाहिनीवर 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही मालिका चालू होती. ती ३ जुलै २००० रोजीं सुरू झाली आणि ६ नोव्हेंबर २००८ रोजीं संपली; तिचे अठराशेंहून अधिक भाग झाले. दोहोंचा विषय एकच, सासू आणि सून. एका मालिकेंत त्यावरून रडत, दुसरींत त्यावरून हसत. रडणारी आठ वर्षें टिकली आणि हसणारी दीड वर्षही टिकली नाहीं.

यावर सुशिक्षितांच्या बैठकींत एक उत्तर ठरलेलें असतें, कीं लोकांची अभिरुचिच हीन आहे. हें उत्तर आम्हांस मान्य नाहीं. जी मालिका लोकांनीं नाकारली म्हणून सांगितलें, तीच लोकांनीं पुढें इंटरनेटवर शोधून शोधून पाहिली. २०१७ सालीं हॉटस्टारनें तिचा दुसरा हंगाम काढला, आणि २०२० च्या टाळेबंदींत तिचे जुने भाग पुनः दूरचित्रवाणीवर आले. पहिल्या वेळीं जीं मुलें पाळण्यांत होतीं त्यांना आज त्यांतले संवाद पाठ आहेत. ही आवड अकरा वर्षांनीं आकाशांतून पडली असें म्हणतां येत नाहीं. ती आधींपासून होतीच. ज्या मापानें ती मोजली त्या मापांत ती बसली नाहीं, एवढेंच.

हें माप आमच्याकडे उशिरां आलें. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि दूरदर्शनवर जाहिरातींस १९७६ पासून आरंभ झाला. त्या दशकाच्या अखेरीस मुंबई केंद्रानें चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर आणले. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना त्या वेषांत ज्यांनीं पाहिलें त्यांच्या मनांतून ती जोडी गेलेली नाहीं. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. चिमणराव दूरदर्शनवर आले तेव्हां महाराष्ट्राची त्यांच्याशीं चार दशकांची ओळख होती. पुस्तकांतून ते घरोघरीं वाचले गेले होते, आणि १९४० च्या सुमारास मास्टर विनायक यांच्या चित्रपटांतूनही दिसले होते. नव्या विनोदी मालिकेस हें भांडवल नसतें. तिला आपलीं माणसें प्रेक्षकांस शून्यापासून ओळखीचीं करून द्यावीं लागतात.

१९८४ सालीं प्रायोजित मालिकांचें युग आलें. 'हम लोग' ही विनोदी मालिका नव्हे, तथापि तिचा इतिहास या विषयांत बोधप्रद आहे. ७ जुलै १९८४ रोजीं ती सुरू झाली तेव्हां लोकांस ती फारशी रुचली नाहीं. उपदेश फार आणि गोष्ट थोडी असें झालें होतें. आजचा नियम लावला असता तर ती तिसऱ्या महिन्यांतच बंद पडती. परंतु कर्त्यांनीं प्रेक्षकांचीं पत्रें वाचलीं, उपदेश आटोपता घेतला, गोष्टीस वळण दिलें. आणि १७ डिसेंबर १९८५ पर्यंत तिचे १५६ भाग होऊन तिच्याकडे लाखों पत्रांचा ओघ लागला. त्याच वर्षीं पेंढरकर कुटुंबाच्या विको कंपनीच्या प्रायोजनानें 'ये जो है जिंदगी' ही विनोदी मालिका निघाली. लेखक शरद जोशी, दिग्दर्शकांत कुंदन शाह, आणि दर आठवड्यास नवें सोंग घेऊन येणारे सतीश शाह. होय, वीस वर्षांनीं जे इंद्रवदन साराभाई झाले तेच. नट तोच होता आणि हसविण्याचें कसबही तेंच होतें. बदलली होती ती हिशेबाची वही. १९८४ सालीं प्रायोजक आपलें नांव एका कार्यक्रमास जोडी, आणि त्या नांवाबरोबर त्या कार्यक्रमाची अब्रूही सांभाळी. दुसरी वाहिनी बहुतेकांच्या घरीं नव्हतीच, त्यामुळें लोकांस कंटाळून उठून जाण्यास जागा नव्हती. ही कांहीं आदर्श स्थिति नव्हती. पण मालिकेस रुळण्यापुरता अवकाश तींत मिळे.

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, आणि एका प्रेक्षकामागें अनेक वाहिन्या लागल्या. मग जाहिरातदारानें विचारलें, माझी जाहिरात किती जणांनीं पाहिली? या प्रश्नास उत्तर देण्यासाठीं निवडक घरांत मीटर बसविण्यांत आले. संच कोणत्या वाहिनीवर, किती मिनिटें, घरांतील कोणासमोर चालू होता याची तो नोंद घेतो. कर्त्या माणसाचें शिक्षण आणि व्यवसाय पाहून घरांचे वर्ग पाडण्यांत आले. देशांतील कोट्यवधि घरांची आवड अशा कांहीं हजार घरांवरून ठरूं लागली. नमुन्यावरून अनुमान करणें हें शास्त्रास धरून आहे. भाताचें शीत आम्हीही चाचपून पाहतों. आक्षेप आहे तो निराळा. मीटर संच चालू असल्याचें सांगतो. समोर बसलेला हसला कीं नाहीं हें सांगत नाहीं.

विनोदाचें नुकसान नेमकें येथें होतें. रडण्याची मालिका भाकरी थापतांना कानानेंही पाहतां येते. दोन दिवस चुकले तरी गोष्ट जागच्या जागींच असते. विनोद एका नजरेवर, एका थांबण्यावर, एका शब्दाच्या उच्चारावर उभा असतो. त्यासाठीं हातचें काम टाकून समोर बसावें लागतें. अर्धें लक्ष देणारीं दहा घरें आणि पोट धरून हसणारीं दहा घरें मीटरच्या लेखीं सारखींच. त्यांतही पहिलीं रोज येतात, दुसरीं आठवड्यांतून एकदां.

हा प्रकार आमच्याच देशांतला नव्हे. अमेरिकेंत १९८२ सालीं 'पोलीस स्क्वॉड' ही विनोदी मालिका एबीसी कंपनीनें अवघ्या सहा भागांवर संपविली. कंपनीच्या अधिकाऱ्यानें दिलेल्या कारणाचा आशय असा, कीं ती समजण्यासाठीं प्रेक्षकास ती लक्ष देऊन पाहावी लागे! पुढें १९८८ सालीं त्याच पात्रावर 'द नेकेड गन' हा चित्रपट निघाला आणि उत्तम चालला. उलट 'साइनफेल्ड' या मालिकेचा पहिला भाग १९८९ सालीं प्रेक्षक-चाचणींत नापसंत ठरला होता. तरी एनबीसी कंपनीनें आणखी चार भाग करण्यास सांगितलें. त्या चार भागांनीं तिला तारलें, आणि १९९८ पर्यंत तिचे नऊ हंगाम झाले. दोन मालिकांच्या गुणांत जो फरक असेल तो असो. त्यांच्या दैवांतला फरक वाट पाहण्याच्या तयारीचा होता.

आतां आमच्या जिल्ह्याकडे वळूं. दूरदर्शनच्या काळांत अंबाजोगाईच्या प्रक्षेपण केंद्रावरून जें येई तें आमच्या मुलखांत वाडा आणि वस्ती दोघेही पाहत. मीटरचा काळ आला आणि वस्ती हिशेबांतून गळाली. ऑक्टोबर २०१५ मध्यें बार्क या नव्या संस्थेनें ग्रामीण घरें मोजण्यास आरंभ केला, तोंवर खेड्यांतील घर या मोजणींत नव्हतें. आणि बीड जिल्ह्यांत २०११ च्या शिरगणतीनुसार २५ लाखांहून अधिक लोकवस्तीपैकीं पांचांतील चारजण खेड्यांत राहत होते. 'साराभाई' चालू होती त्या वर्षांत येथें विजेचें भारनियमन असें होतें, कीं रात्रीं संच चालेल याची शाश्वति नसे. शिवाय ती सुरू झाली ती नोव्हेंबरांत. दसरा-दिवाळी झाली कीं आमच्या धारूर, वडवणी, शिरूर, पाटोदा भागांतील ऊसतोड कामगार मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रांतील आणि कर्नाटकांतील कारखान्यांकडे निघतात, आणि पांच-सहा महिने फडाशेजारच्या कोप्यांत राहतात. तेथें नवरा-बायको दोघें मिळून 'एक कोयता' असें मोजण्यांत येतें. मोजणींत माणूस कसा हरवतो हें आमच्या जिल्ह्यास कोणी शिकवावयास नको.

हीं घरें मोजलीं असतीं तर 'साराभाई' वांचली असती असें आम्ही म्हणत नाहीं. कफ परेडचा विनोद वडवणीच्या वस्तींत तितकाच रुचला असता असें मानण्यास आधार नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच, कीं जें घर मोजलें जात नाहीं त्या घराच्या बोलींत हसविण्याचा धंदा कोणी आरंभीतही नाहीं. २०१५ नंतर खेडीं हिशेबांत आलीं, तेव्हां झी अनमोलसारख्या विनाशुल्क वाहिन्या थोड्याच काळांत अग्रभागीं दिसूं लागल्या. प्रेक्षक तेच होते, पण मोजल्यानंतर त्यांना किंमत आली.

मराठवाडी बोलींत हसविण्याचें सामर्थ्य नाहीं म्हणावें, तर औरंगाबादच्या लक्ष्मण देशपांडे यांचें 'वऱ्हाड निघालंय लंडनला' डोळ्यांसमोर आहे. एकटा नट पन्नासांहून अधिक पात्रें उभीं करी, आणि महाराष्ट्रानें तो प्रयोग दशकानुदशकें पैसे देऊन पाहिला. २००९ सालीं देशपांडे निवर्तले. पुढें आमच्याच जिल्ह्यांतील माजलगांवच्या संदीप पाठक यांनीं तो प्रयोग हातीं घेतला, आणि तो पुनः चालला. तो टिकला याचें कारण उघड आहे. तेथें तिकीट काढणारा आणि हसणारा एकच होता. त्यानें एका गांवीं हसून दुसऱ्या गांवीं सांगितलें, आणि त्या सांगण्यास लागेल तितका वेळ नटास मिळाला.

तेव्हां होतकरू विनोदी मालिका एका हंगामांत कां मरते, याचें आमचें उत्तर असें आहे. तिच्यावर हसणारा निराळा, तिचे पैसे देणारा निराळा, आणि हसणें मोजणारा तिसराच. आणि तिघांपैकीं ज्यास ती आवडते त्याच्याच हातीं निकाल नाहीं. वाहिनीचा मालक व्यापारी आहे; तोट्यांत तो दुकान उघडें कां ठेवील? त्याला दोष देऊन भागणार नाहीं. आज वर्गणी घेऊन मालिका दाखविणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत, आणि त्यांच्याकडे पैसे देणारा आणि पाहणारा पुनः एक झाला आहे. पण 'साराभाई'चा दुसरा हंगाम जेमतेम दहा भागांचा झाला, आणि पहिल्याची सर त्यास आली नाहीं असेंच पुष्कळांचें मत पडलें. ऐन भरांतल्या मंडळीस जीं वर्षें मिळावयास हवीं होतीं तीं अकरा वर्षांनीं देतां येत नाहींत. सतीश शाह तर २०२५ सालीं आपल्यांतून गेले.

मराठींत पुढें कोणी दूरचित्रवाणीचा इतिहास लिहील. त्यानें आंकड्यांच्या वहीवरून मालिकांची योग्यता ठरवूं नये, एवढी आमची विनंति आहे. कोणती मालिका किती दिवस चालली हें त्या वहींत सांपडेल. कोणत्या घरीं जेवणें खोळंबून सारे एकत्र हसले, आणि कोणत्या घरांस विचारण्यासच कोणी गेलें नाहीं, हें मात्र त्यास निराळें शोधावें लागेल.