भीतीची घरगुती घडणावळ

हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे चांदीच्या दागिन्यांचे गाव. येथील पैंजण घरोघरी आणि अनेकांच्या हातून घडते. कोणी तार ओढतो, कोणी जोडकाम करतो, कोणी उजाळा देतो. मित्रमंडळींनी पदरमोड करून भयपट काढण्याचा खटाटोपही याच जातीचा आहे.

या खटाटोपाची परंपरा कोल्हापूरला परकी नाही. बाबूराव पेंटर व त्यांचे आप्त आनंदराव यांना चलच्चित्राने झपाटले होते. आनंदरावांचे १९१६ साली निधन झाले. तरी बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने कॅमेरा स्वहस्ते तयार केला. भांडवल तानीबाई कागलकरांनी पुरविले. त्या कॅमेऱ्यावर घेतलेला ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० साली पुण्यात प्रदर्शित झाला. तो भयपट नव्हे; पण त्यातील कीचकवध इतका हुबेहूब वठला होता की प्रेक्षकांतील स्त्रियांना भोवळ आली आणि सरकारी आक्षेपामुळे ते दृश्य वगळावे लागले. ध्वनी नाही, रंग नाही, तरीही ही दहशत!

पुढे रामसे बंधूंनी १९७२ च्या ‘दो गज जमीन के नीचे’साठी महाबळेश्वर गाठले. सात भावांनी दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनी अशी कामे वाटून घेतली. स्वयंपाकही घरच्याच स्त्रियांनी केला. अमेरिकेत सॅम रेमी या तरुणाने मित्रांसह १९७८ साली एक लघुपट काढला, तो दाखवून पैसा उभा केला आणि त्यातून ‘द एव्हिल डेड’ (१९८१) साकारला. त्यातील रानातून धावणारी अदृश्य शक्ती म्हणजे काय? फळीवर बसविलेला कॅमेरा आणि ती दोन्ही टोकांना धरून पळणारे दोघे जण!

भपकेबाज भूत बहुधा हास्यास्पदच ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पैसा नसला की भूत दाखविता येत नाही, ते सुचवावे लागते. आणि सुचविलेलेच अधिक भिववते. हुपरी परिसरात त्यासाठी उसाच्या फडासारखे दुसरे नेपथ्य नाही. पाते पात्यावर घासल्याचा आवाज रात्री वेगळा ध्वनिमुद्रित करावा. मोबाइलचे चित्रण एक वेळ अंधूक चालेल, आवाज मात्र स्वच्छ हवा. रक्तासाठी काकवीत खाण्याचा लाल रंग पुरतो, फक्त मुंग्यांची तयारी ठेवावी. भूत कोणी व्हायचे, यावरून होणारे भांडण हा तर या छंदातील खरा रंग.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. शेतमालक, शेजारी व पोलीस ठाणे यांना आधी कळवावे. मध्यरात्री फडात मुखवटा घालून शिरलेल्या मुलाला गाव भूत समजत नाही, चोर समजते. आणि फडातला साप तर दोन्ही समजत नाही. गमबूट व बॅटरी यांचा खर्च म्हणूनच मुखवट्याच्या आधी धरावा.