गिअरची खरखर : चालकाच्या दोषापासून यंत्राच्या निदानापर्यंत

प्रस्तावना : इंद्रायणीकाठचे मोशी हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. पिंपरी-चिंचवड व चाकण या वाहननिर्मिती केंद्रांना जोडणाऱ्या पुणे-नाशिक मार्गावर ते वसले आहे. अशा परिसरात जुन्या वाहनाच्या खरेदीत महत्त्वाची ठरणारी गिअरची खरखर आणि तिचा बदलता अर्थ यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी : प्रारंभीच्या गिअरबॉक्समध्ये दातेरी चाकांचा वेग चालकालाच जुळवावा लागे. १९२८ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत सिंक्रोमेश यंत्रणा आली. भारतात मात्र फियाट ११०० व अ‍ॅम्बॅसडर यांचा पहिला गिअर दीर्घकाळ तिच्याविना राहिला. त्यामुळे ‘डबल क्लच’चे कौशल्य टिकले व खरखर हा चालकाचा दोष ठरे.

निदान : पुढील सर्व गिअर सिंक्रोमेशयुक्त झाल्यावर खरखर हे बिघाडाचे लक्षण बनले. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात, पण सुरू असताना सर्वच, विशेषतः रिव्हर्स, खरखरत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नसतो. एखादाच गिअर, बहुधा दुसरा, खरखरत असेल आणि डबल क्लच केल्यावर आवाज थांबत असेल, तर सिंक्रो रिंग झिजलेली असते. पहिला दोष कधी केबल जुळवूनही दूर होतो. दुसऱ्यासाठी गिअरबॉक्स उघडावा लागतो.

समारोप : मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये मालकीचे हस्तांतरण नोंदविले जाते, रिंगची झीज नव्हे. अल्प भांडवलावर जुने वाहन घेणाऱ्याचे हित म्हणूनच जाणत्या कानावर अवलंबून राहते. चालकाचे जुने कौशल्य आता निदानाचे साधन ठरले आहे.