दिशा न विसरणारा प्रकाश

आमच्या निफाड तालुक्यात ओझरला १९६४ साली विमानांचा कारखाना आला आणि लोकांच्या तोंडी गावाचं नावच ‘ओझर मिग’ झालं. त्या काळच्या विमानाला दिशा सांगायचा तो भोवरा. जोरात फिरणारा भोवरा आपला आस सहजी सोडत नाही, म्हणून विमान किती वळलं ते त्याच्यावरून कळायचं. याच यंत्राला जायरोस्कोप म्हणतात. पण भोवरा झिजतो.

न झिजणारा भोवरा प्रकाशाचा. १९१३ साली फ्रान्सच्या जॉर्ज साग्नॅक यांनी दाखवलं, की एकाच वाटेवर दोन किरण उलटसुलट धाडले आणि ती वाटच गोल फिरत असली, तर एक किरण किंचित उशिरा पोचतो. हा उशीर मोजला की वळण कळलं. १९७६ साली अमेरिकेत वाली आणि शॉर्टहिल यांनी यासाठी काचेच्या तंतूचं वेटोळं वापरलं.

आणि इथं घोडं अडलं. प्रकाशाच्या कंपनालाही एक दिशा असते. ती एकच राहिली की त्याला ध्रुवीकरण म्हणायचं. (निवडणुकीच्या बातम्यांतलं ध्रुवीकरण वेगळं, त्याच्याशी या काचेचा संबंध नाही.) साध्या तंतूत ही दिशा टिकत नाही. तो वाकला, तापला, दाबला गेला की कंपन भरकटतं.

उपाय जुन्या दगडात होता. १६६९ साली डेन्मार्कच्या बार्थोलिन यांनी आइसलँडचा कॅल्साइट अक्षरांवर ठेवला, तर अक्षरं दोन-दोन दिसली. हा खनिज आपल्याकडे परका नाही. नाशिक भागातल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तो सापडतो. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशा पोकळ्यांतले स्फटिक मांडून ठेवले आहेत. कॅल्साइटमध्ये कंपनाच्या दिशेप्रमाणे प्रकाशाचा वेग बदलतो, म्हणून एकाचे दोन दिसतात. १८०८ साली फ्रान्सच्या मालुस यांनी याच स्फटिकातून काचेवरचं परावर्तन पाहिलं आणि ध्रुवीकरणाची गोष्ट पुढे सरकली.

हाच दुजाभाव काचेत मुद्दाम घातला. तंतूच्या गाभ्याच्या दोन बाजूंना वेगळ्या काचेच्या काड्या ठेवतात. थंड होताना त्या जास्त आकसतात आणि गाभा कायमचा ताणात राहतो. आडवा छेद पांडाच्या तोंडासारखा दिसतो, नावही पांडाच. ताणाच्या अक्षावर सोडलेलं कंपन मग त्याच अक्षावर राहतं.

पण किरणाचे दोन करायचे आणि परत एक करायचे, ते जोडावर. त्याला कपलर म्हणतात. दोन तंतू शेजारी धरून, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे अक्ष जुळवून, आचेवर वितळवत ओढायचे. गाभे बारीक होत जवळ आले की प्रकाश एकातून दुसऱ्यात झिरपतो. निम्मा-निम्मा झाला की हात थांबवायचा. सोनाराचंच काम म्हणा ना!

अशा जोडाची परीक्षा तीन गोष्टींवर होते : वाटणी बरोबर झाली का, प्रकाश वाया किती गेला आणि चुकीच्या अक्षावर किती सांडला. खरी कसोटी तिसरी. घड्याळात एका मिनिटाचं अंतर ६ अंशांचं. अक्ष जुळवताना तेवढी चूक झाली, तर प्रकाशाचा शंभरावा भाग भलत्या अक्षावर जातो. तिथं वेग वेगळा, म्हणून तो वेगळ्या वेळी पोचतो, आणि न घेतलेलं वळण यंत्र घेतलं म्हणून सांगतं. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. लांबच्या प्रवासाच्या विमानात जायरोची चूक तासाला अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपास ठेवावी लागते.