सायकलीची पाठचिकित्सा

सातारा-सांगलीकडील जुन्या शर्यतीच्या सायकली पूर्ववत करणे ही आम्हांस पाठचिकित्साच वाटते. रेनॉल्ड्स ५३१ नळ्यांची फ्रेम १९३५ पूर्वीची नसते. विक्रीच्या पावतीवर ‘दक्षिण सातारा’ असेल, तर ती बहुधा १९४९ ते १९६० मधली. पुढे त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. रॅलेच्या पायडल-एक्सलच्या कपांना इंचास २६ आटे, इतर इंग्रजी सायकलींना सहसा २४. त्यामुळे परका कप सरळ बसत नाही. मग गावच्या मिस्त्रीने आटे नव्याने पाडून बसवलेला कप प्रक्षेप समजून काढावा काय? आमच्या मते काढू नये. काळाला धरून असलेला मूळ भाग सायकल कोठे घडली ते सांगतो. हा कप ती येथे कशी चालती राहिली ते सांगतो.