टायरवर लिहिलेला इतिहास: स्पोर्ट्स कारला नवे टायर घेताना

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. आमच्या कर्जतचाच पोरगा. नगर जिल्ह्यातलं कर्जत हं, मुंबईजवळचं नाही, हे दरवेळी सांगावं लागतं. पठ्ठ्यानं पुण्यातून सेकंड हँड टू-सीटर स्पोर्ट्स कार घेतलीय. गाडी आधीच्या मालकाकडे वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी होती. प्रश्न असा: "दादा, टायरची नक्षी एकदम नव्यासारखी आहे. बदलू का? आणि बदलायचे तर कुठल्या कंपनीचे?"

भावा, कंपनीचं नंतर बघू. आधी टायरच्या बाजूवर काय लिहिलंय ते वाच. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला ती ओळ जुन्या कोडसारखी दिसते. प्रत्येक अक्षर कोणीतरी, कधीतरी, काहीतरी बिघडलं म्हणून टाकलेलं असतं.

समजा लिहिलंय: २०५/५५ आर १६, ९१ व्ही.

२०५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के. आणि १६ म्हणजे डिस्कचा व्यास, पण इंचात! एकाच ओळीत मिलिमीटर आणि इंच. हा घोळ सुधारायचा प्रयत्न झाला होता. १९७५ साली मिशेलिननं 'टीआरएक्स' नावाचे टायर आणले, त्यांची डिस्क मिलिमीटरमध्ये: ३९०, ४१५ अशी. फोर्ड मस्टँगला लागले, बीएमडब्ल्यूला लागले, फेरारी टेस्टारोसाच्या सुरुवातीच्या गाड्यांनाही लागले. टायर चांगलाच होता. पण बाकीचं जग इंचातच राहिलं आणि टीआरएक्स मागे पडला. त्या डिस्कची कडच वेगळी, त्यामुळे साधा टायर तिच्यावर नीट बसत नाही. आज तशी गाडी असलेल्या माणसाला एक तर मोजकेच मिळणारे महागडे टायर शोधावे लागतात, नाहीतर डिस्कच बदलाव्या लागतात. धडा सोपा आहे: जुनी स्पोर्ट्स कार घेताना इंजिनाइतकंच टायरच्या मापाकडे बघा. ते माप बाजारात मिळतं का?

पुढे 'आर', म्हणजे रेडियल. मिशेलिननं १९४६ मध्ये याचं पेटंट घेतलं. आतले धागे तिरपे न ठेवता आडवे टाकले आणि नक्षीखाली स्टीलचा पट्टा दिला. त्यानं टायर कमी तापायला लागला आणि वळणावर रस्ता धरून राहायला लागला. भारतात रेडियल आला तो १९७७ मध्ये, जेके टायरकडून.

९१ हा वजनाचा आकडा, एका टायरला ६१५ किलोपर्यंत. आणि 'व्ही' म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. इथे एक गंमत आहे. टी म्हणजे १९०, यू म्हणजे २००, व्ही म्हणजे २४०. मग २१० साठी कुठलं अक्षर? 'एच'! मधेच हा एच कुठून आला? युरोपात आधी वेगाचे तीनच वर्ग होते: एस, एच आणि व्ही. पुढे बाकीची अक्षरं भरली, पण लोकांना सवय झालेला एच तिथेच ठेवला. जुन्या युजरला त्रास नको म्हणून आपण कोडमध्ये जे करतो, तेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं: तारीख. टायरवर 'डीओटी'नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. २००० सालाआधी हे आकडे तीनच होते, वर्षाला फक्त एक आकडा. म्हणजे २३८ हा टायर १९७८ चा की १९८८ चा, नुसत्या आकड्यांवरून कळायचं नाही. टायरचा स्वतःचा वायटूके म्हणा ना!

ही तारीख का बघायची, ते 'फास्ट अँड फ्युरियस'वाल्यांना सांगायला नको. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी पॉल वॉकर ज्या पोर्शे कॅरेरा जीटीत गेला, तिचे टायर नऊ वर्षांचे होते. पोलिसांच्या तपासात मुख्य कारण वेग निघालं. ७० च्या रस्त्यावर गाडी ताशी १३० ते १५० किलोमीटरनं धावत होती. पण त्याच तपासात टायरच्या वयाचाही उल्लेख आहे. गाडी फार पळालेली नव्हती. रबर मात्र उभ्या गाडीचंही म्हातारं होतं. नक्षी शाबूत राहते आणि पकड जाते.

आणि ऊन? २००० साली अमेरिकेत फायरस्टोननं ६५ लाख टायर परत मागवले. पळत्या गाडीवर नक्षीचा थर सुटून यायचा, बहुतेक फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर. बदलून देताना आधी नंबर लावला तो ॲरिझोना, टेक्सास अशा तापणाऱ्या राज्यांचा. कारण उष्णता, त्यात हवा कमी, त्यात सलग वेग. आता आपल्याकडचा मे महिना आठवा. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातल्या शिर्डीपर्यंत सुरू झाला, कारला १२० ची मर्यादा. अपघात वाढले तेव्हा आरटीओनं टायर तपासायला सुरुवात केली आणि गोटा झालेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या. पण गोटा टायर डोळ्यांना दिसतो. म्हातारा टायर दिसत नाही, तो वाचावा लागतो.

तर भावा, तुझं उत्तर. तारीख वाच. सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही छान असो, चारही बदल. माप गाडीच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणेच घे. वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर त्याहून खालचं नको. पुढच्या-मागच्या टायरचं माप वेगळं असेल तर तसंच ठेव. एका एक्सलवर दोन वेगळे टायर नकोत. मोठी डिस्क टाकायचा मोह झालाच तर गणित कर: २०५/५५ आर १६ ची एकूण उंची ६३२ मिलिमीटर, २२५/४५ आर १७ ची ६३४. जमतं, पण बाजूचं रबर ११३ वरून १०१ मिलिमीटरवर येतं. राशीनच्या रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॉलीला साइड देताना खड्ड्यात गेलास, की ते बारा मिलिमीटर आठवतील. रिमोल्ड टायर तर या गाडीला अजिबात नाही.

आणि दुकानात पैसे देण्याआधी नव्या टायरचीही तारीख बघ. दुकानदार "नवाकोराच आहे" म्हणेल. तो कधी बनला, हे टायरच सांगेल.

बाकीच्यांनीही आज खाली पार्किंगमध्ये जाऊन आपल्या गाडीचे ते चार आकडे वाचा आणि मला पाठवा. सगळ्यात म्हातारा टायर कुणाचा निघतो, ते पुढच्या एपिसोडमध्ये सांगतो. गाडी सावकाश चालवा. भेटू!